दिग्गीचा दर्या

बेळगावहून कारवारला जाणारी मोटार सकाळी पावणेसहाला सुटायची. मी यांना चार वाजता उठवायला सुरुवात केली आणि साडेपाचला त्यात यश आलं. गाडी मिळाली ती आमच्या कर्तबगारीने नव्हे. ड्रायव्हरही उशिरा उठला होता.

आमचा फोटोंचा स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत हे फोटो काढतात आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत मी ते धुते, छापते, वाळत घालते. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं हीच वाटणी होती. मी कॅमेऱ्याला हात लावू नये असा काही नियम नव्हता. फक्त "जड आहे, तुला पेलायचा नाही" असं हे म्हणत. पाण्याने भरलेलं घंगाळ मी मागच्या खोलीत उचलून नेत असे, तेव्हा मात्र काही म्हणत नसत.

त्या वर्षी दिवाळी आटोपताच गावातल्या एका काजूच्या व्यापाऱ्यांनी यांना बोलावलं. शेठ मूळचे कारवारचे. त्यांना नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर कारवारचा समुद्र हवा होता, पण सूर्य नको होता. सूर्य सगळ्यांच्याच कॅलेंडरवर असतो, असं त्यांचं म्हणणं. सूर्य निघायच्या आधी समुद्र साय धरलेल्या दुधासारखा दिसतो, तसाच तो पाहिजे, आणि आठ दिवसांत पाहिजे, कारण छपाईचा ब्लॉक करायला फोटो मुंबईला पाठवायचा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नुकताच एक नवा स्टुडिओ निघाला होता आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. अडचण एकच होती. नऊ वर्षांत यांनी सूर्य निघायच्या आधीचं जग पाहिलेलं नव्हतं. यांना उठवायला कोणीतरी हवं, म्हणून मला बरोबर घेतलं. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा प्रवास मी असा गजराचं घड्याळ म्हणून केला.

खानापूर येईपर्यंत हे गाढ झोपी गेले होते. तिथे एक बाई चढली. साठीच्या आसपासची, काटक, कासोट्याचं हिरवं लुगडं, मांडीवर कांद्यांची पिशवी. तिने आमचा तीन पायांचा स्टँड पाहिला आणि सरकारी माणसं रस्ता मोजायला आली का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, समुद्राचे फोटो काढायला निघालोय. एवढ्यावर आमची ओळख झाली. तिचं नाव सगुणा. माहेर खानापूरकडचं, दिलं होतं दूर दिग्गीला, सुपा तालुक्याच्या पार टोकाशी, जिथे घाट संपून खाली गोवा सुरू होतो.

सुप्याला काळी नदीच्या काठी गाडी थांबली, तिथे चहा पिताना तिने मला आपली सगळी हकीकत सांगितली. तिची एकुलती लेक खानापूरजवळच्या एका खेड्यात नांदत होती. तीन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि पाय कायमचा अधू झाला. दिग्गीची चढण तिला आता जमण्यासारखी नव्हती. आणि बापाचं असं, की मोटारीत पाय ठेवला की पोट ढवळायचं. एकदाच बसला होता, रामनगरपर्यंत, आणि उतरून चालत घरी आला होता. मग बापलेकीची तीन वर्षांत भेट नाही.

"पोरगी इचारती, बाबा आता कसं दिसतात," सगुणामावशी म्हणाली. "मी काय सांगू? म्हाताऱ्यावानी दिसतात म्हून सांगती."

हे बोलताना तिची नजर कॅमेऱ्याच्या पेटीवर होती. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

कुंभारवाड्याला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे घाटात लाकडाच्या ओंडक्यांची लॉरी आडवी झाली होती आणि ओंडके काढून रस्ता मोकळा व्हायला तीन-चार दिवस लागणार होते. हे जागे झाले ते ही बातमी ऐकायला. परत जावं तर रिकाम्या हाताने, थांबावं तर आठ दिवस सरणार. भातकापणीचे दिवस, वस्तीवर चिटपाखरू नाही. हे स्टँडला टेकून उभे राहिले.

सगुणामावशीने कांद्यांची पिशवी डोक्यावर घेतली आणि सहज म्हणाली, "दर्याच बगायचा हाय न्हवं? मग कारवार कशाला पायजे? आमच्या दिग्गीत हाय की."

यांनी तिला भूगोल समजावून सांगितला. समुद्र इथून कितीतरी मैल लांब, मध्ये गोवा. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तसं न्हवं. आमचा दर्या पहाटंचा असतोय. सूर्य निघाय आदी."

शेठचे शब्द जसेच्या तसे ऐकून हे चमकले. मग यांनी मनाशी हिशोब मांडला, की दिग्गी घाटाच्या कड्यावर आहे, खाली गोव्याची सपाटी, पहाटे हवा स्वच्छ, तेव्हा एवढ्या उंचीवरून समुद्राची कड दिसणं शक्य आहे. शास्त्राला धरून आहे. त्यांनी स्वतःची अशी समजूत घालेपर्यंत मी मावशीकडे पाहत होते. तिने डोळा मारला असं मी म्हणणार नाही. पण एका डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं तिने केलं.

कुंभारवाड्यापासून दिग्गीची वाट रानातली. अर्ध्या वाटेपर्यंत भाताची रिकामी गाडी मिळाली, पुढे चालणं. उंच झाडी इतकी दाट की दुपारी बारा वाजता सांज झाल्यासारखं वाटत होतं. वाटेत एक धबधबा लागला आणि यांना स्फूर्ती आली. बारा फोटोंच्या रोळातले नऊ फोटो यांनी त्या धबधब्यावर खर्च केले, उभे, आडवे आणि एक स्वतः पाण्यात उतरून. त्या एकात पायाला तीन जळवा लागल्या. मावशीने चंचीतला चुना लावून त्या सोडवल्या. पुढे बुटांनी टाचा सोलल्या, तेव्हा हे बूट हातात घेऊन चालले.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. शेणाने सारवलेलं नेटकं अंगण, कुडाच्या भिंती, एका अंगाला गोठा. दारात मावशीचा नवरा उभा होता, उंच, वाळका, फार न बोलणारा. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. मामांनी यांच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि पुढच्या दाराने आत जाऊन मागच्या दाराने बाहेर पडले.

मावशीने मला चुलीपाशी बसवून खरी गोष्ट सांगितली. मामांच्या धाकट्या भावाने लोंढ्याच्या बाजारात हौसेने फोटो काढून घेतला होता आणि महिन्याच्या आत तो तापाने गेला. तेव्हापासून मामांनी कॅमेऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि लेकीला बापाचा फोटो हवा होता. म्हणजे समुद्राचं आमिष दाखवून मावशीने आम्हाला एवढ्या लांब आणलं ते यासाठी.

"मग समुद्र नाहीच?" मी विचारलं.

"हाय की. मी खोटं न्हाई बोलत," ती म्हणाली. "उद्या बग. पर आमचं म्हातारं फोटूला उबं ऱ्हायचं न्हाई. म्हून मी म्हशीचा फोटू काढायचा म्हनून सांगितलंय. म्हाताऱ्यानं नुसतं दावं धरायचं."

मला तिचा राग यायला हवा होता. पण तिची युक्ती इतकी गोड होती की मी सामील झाले.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, रानातल्या कंदाची भाजी आणि एक आंबट-तिखट चटणी होती. मावशी तिला चिगळीची चटणी म्हणत होती. यांना ती इतकी आवडली की तीनदा मागून घेतली, आणि कृती लिहून घे, असं मला सांगितलं. कृती मावशीने कानात सांगितली. चिगळी म्हणजे झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. मी ती कृती परतीच्या प्रवासापर्यंत मनातच ठेवली.

झोपताना यांनी बजावलं, "चारला उठव. मी नाही म्हटलं तरी उठव."

मी चारला उठवलं. "उठलोच," हे म्हणाले. सव्वाचारला म्हणाले, "तू पुढे हो." साडेचारला मी यांच्या सोललेल्या टाचेला गार पाण्याचा हात लावला. हे झोपेतच म्हणाले, "काच नीट पूस." मग मी ठरवलं की माझं काम संपलं. नव्या रोळांचा डबा यांनी चोर नेईल म्हणून उशाखाली घेतला होता. तो ओढायला गेले तर त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी कॅमेरा उचलला. पेलला.

अंगणात मामा चूड (पेटवलेल्या झावळ्यांची मशाल) घेऊन उभे होते. पाहुण्यांना कड्यापर्यंत न्यायचं काम त्यांचं होतं. माझ्याबरोबर साहेब नाहीत हे त्यांनी पाहिलं आणि चालताना ते कॅमेऱ्यापासून चार हात पुढे राहिले. मागून मावशी स्टँड खांद्यावर टाकून येत होती.

अर्ध्या तासाने झाडी संपली आणि मामांनी चूड दगडावर विझवली. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू पायाखालचा काळोख राखाडी झाला, आणि माझ्या समोर समुद्र होता.

खालची सगळी दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. पांढरं, सपाट, क्षितिजापर्यंत पसरलेलं. त्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आले होते, जवळचे काळे, त्यामागचे निळे, पार टोकाचे नुसते असल्यासारखे. सूर्य आमच्या पाठीमागे, अजून डोंगराआड होता. समोर आकाशाच्या तळाशी जांभळट पट्टा आणि त्याच्यावर फिकट गुलाबी उजेड. कुठल्याच वस्तूला सावली नव्हती. आणि ते धुकं हलत होतं. कड्यापाशी येऊन वर चढत होतं, थांबत होतं, पुन्हा मागे सरत होतं, लाटेसारखंच, फक्त आवाज न करता.

"हाय का न्हाई दर्या?" मावशी म्हणाली.

मी स्टँड उभा केला. कॅमेऱ्याच्या मागच्या तांबड्या खिडकीत दहाचा आकडा होता. म्हणजे तीन फोटो. त्यातला एक मामांचा, कारण नवे रोळ यांच्या उशाखाली होते आणि हे उठेपर्यंत मामा हाती लागतील याचा भरवसा नव्हता. दोन उरले. इतक्या कमी उजेडात झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते, आणि ती धक्का न देता दाबायची तार यांच्या कोटाच्या खिशात होती, कोट यांच्या अंगावर. बोटानेच दाबायला हवं होतं. अंधाऱ्या खोलीत कागदावर उजेड पाडताना मी मनात आकडे मोजते, त्यातून माझं मोजणं घड्याळासारखं झालंय. मी श्वास धरला, दाबलं, मोजलं, आणि चौथ्या आकड्याला मावशीने मोठ्याने विचारलं, "झालं काय?" मी दचकले. तो फोटो गेला.

दुसऱ्या वेळी तिने पदर तोंडात धरला. मी आठपर्यंत मोजून बोट सोडलं. हलला की नाही हलला, कळायला मार्ग नव्हता.

मग उजेड आणखी मऊ झाला. धुक्यावर निळसर साय धरली. शेठ म्हणाले होते ते हेच. आणि कॅमेऱ्यात एकच फोटो होता. मी खरं लिहिते, माझं बोट झडपेवर गेलं. मावशी माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं की तिने मला फसवून आणलंय, आणि आता मागायला तिला तोंड नव्हतं. मी बोट काढून घेतलं. पण डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

मामा लांब बसले होते, ते जवळ आले. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत समोरचं दिसतं का, म्हणून त्यांनी हळूच विचारलं. मी बाजूला झाले. त्यांनी वाकून पाहिलं. काचेत त्यांचाच कडा, त्यांचीच दरी, पण उजवीडावी उलटलेली. मावशीला त्यांनी उजवीकडे चालायला लावलं, ती काचेत डावीकडे गेली. पुष्कळ वेळ ते तिला इकडून तिकडे चालवत होते.

मग ते म्हणाले, "माजा भाव फोटू काढला आन गेला."

मी माझं सांगितलं. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. फोटोच्या दुकानात माझं आयुष्य चाललंय, दर आठवड्याला दीडशे माणसांचे चेहरे मी पाण्यातून वर काढते, आणि माझ्या वडलांचा एकही फोटो नाही. पुढच्या वेळी काढू, असं प्रत्येक वेळी म्हणत राहिलो. "त्यांचे कान कसे होते, ते मला आता आठवत नाही," मी म्हणाले.

मामांनी काचेतून डोळा काढला, मागचापुढचा काही विचार केला आणि झपाझप उतरायला लागले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ते गोठ्यापुढे म्हशीचं दावं धरून उभे होते. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला तांबडा फेटा. मावशी दारातच थबकली. "लग्नातला हाय," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "मी बी इसरले हुते कुटं ठिवला त्यो."

"फोटू म्हशीचाच हाय न्हवं?" मामांनी मला दरडावून विचारलं.

"म्हशीचाच," मी म्हणाले.

मी कॅमेरा छातीशी धरला. म्हशीने त्याच क्षणी वळून आम्हाला पाठ दिली. मामांना हसू फुटलं, मोकळं, बोळक्या तोंडाचं, आणि मी झडप दाबली.

हे नऊ वाजता उठले. मला कोणी उठवलं नाही, असं म्हणाले. लंगडत कड्यावर जाऊन आले, तर लख्ख ऊन आणि खाली नुसती हिरवी दरी. यांनी मावशीला जाब विचारला. ती भाकरी थापत होती. "त्यो गेला की घरला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तरी मिळेल म्हणून हे आणखी एक मुक्काम राहिले. या खेपेस स्वतःच उठले, हे मला नमूद केलं पाहिजे, पण आभाळ भरून आलं होतं आणि दरीत धुकं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही कुंभारवाड्याला उतरलो आणि परतीची गाडी धरली. रामनगरपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत. लोंढ्याला मी चटणीची कृती सांगितली, तेव्हा खिडकीबाहेर तोंड काढून बसले.

बेळगावला पोचल्या पोचल्या मी मागच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. दहावा फोटो म्हणजे नुसता धूर निघाला. अकरावा मी भिंगाखाली धरला. फोटो नव्हता हलला. बेटांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. ओला छाप घेऊन मी पुढच्या खोलीत आले आणि यांच्यापुढे धरला. यांनी तो उजेडात नेला.

"किती मोजलंस?" यांनी विचारलं.

"आठ."

"मी दहा मोजले असते," हे म्हणाले. छाप मला परत देत म्हणाले, "बिघडला असता."

नऊ वर्षांत यांनी मला पहिल्यांदाच धंद्यातला प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेठकडे गेलो. फसवायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पण यांनी पाकिटातून छाप काढला आणि आम्ही तोंड उघडायच्या आत शेठ खुर्चीतून उठले. हेच, हेच पाहिजे होतं, म्हणाले. त्यांनी बोटाने बेटं दाखवायला सुरुवात केली. हे कूर्मगड, हे त्याच्या मागचं, आणि या काळ्या खडकाच्या आडोशाला त्यांच्या आजोबांचं गलबत उभं राहायचं.

मी सांगितलं, की शेठ, हा समुद्र नाही, दिग्गीच्या दरीतलं धुकं आहे. शेठ हसले. म्हणाले, वहिनी, माझं बालपण त्या पाण्याकाठी गेलंय. मग यांनी घसा खाकरला. "आणि हा फोटो मी काढलेला नाही, हिने काढलाय." शेठ त्याहून मोठ्याने हसले आणि आमच्यासाठी कोकम सरबत मागवलं. दोन खरी वाक्यं आम्ही बोललो, दोन्ही त्यांनी थट्टेवारी नेली. कॅलेंडर 'कारवारचा समुद्र' म्हणून छापलं गेलं आणि शेठच्या म्हणण्याप्रमाणे खुद्द कारवारात घरोघरी लागलं. समुद्राचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या हसण्याचं वाटलं. घरी येताना हे माझ्या गतीने, हळू चालत होते.

त्या रविवारी मी खानापूरजवळच्या त्या खेड्यात गेले, एकटी. मावशीने सांगितलेलं घर शोधून काढलं. लेक ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, काठी भिंतीला टेकवलेली. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिने हात लुगड्याला पुसले, फोटो बाहेर काढला, मांडीवर ठेवला. फेट्यावरून बोट फिरवलं. मग हसणाऱ्या तोंडावरून. म्हशीच्या पाठीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तिने विचारलं, "कुनी काढला, अक्का?"

मागच्या अनुभवाने मी जरा बिचकत सांगितलं, "मी."

तिने मान हलवली, यात विचारण्यासारखं काही नव्हतं असं.

"व्हय, बाईनंच काढला आसनार," ती म्हणाली. "बापय मानसाम्होरं आमचं बाबा असं हसायचं न्हाईत."